सात लाखांतली खूनकथा: ‘जाने भी दो यारो’

१२ ऑगस्ट १९८३ रोजी प्रदर्शित झालेल्या एका हिंदी चित्रपटात महापालिकेच्या आयुक्ताचा खून होतो. खुनी कोण, हे चित्रपट अर्ध्यावर येण्याआधीच प्रेक्षकाला कळते. त्यानंतर त्या आयुक्ताचा मुडदा शवपेटीतून, चाकांच्या बुटांवरून, बुरखाधारी बायकांच्या घोळक्यातून आणि शेवटी द्रौपदीच्या लुगड्यातून मुंबईभर फिरत राहतो. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि घरी जाताना गप्प होतो. चित्रपटाचे नाव ‘जाने भी दो यारो’, दिग्दर्शक कुंदन शहा. तो करायला सात लाख रुपयेसुद्धा लागले नाहीत. त्याच्या आठ वर्षे आधी आलेल्या ‘शोले’वर सुमारे तीन कोटी खर्च झाले होते, एवढ्यावरून या आकड्याची कल्पना यावी.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. विनोद आणि सुधीर हे दोन सरळ स्वभावाचे छायाचित्रकार मुंबईत ‘ब्यूटी फोटो स्टुडिओ’ उघडतात. गिऱ्हाईक फिरकत नाही. अखेर ‘खबरदार’ नावाच्या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन त्यांना काम देते. तरनेजा हा बडा बिल्डर आणि आयुक्त डिमेलो यांच्यातले व्यवहार चोरून टिपायचे, असे ते काम. टिपता टिपता कळते की आहुजा नावाचा दुसरा बिल्डरही याच आयुक्ताच्या मागे आहे. दरम्यान ही जोडी एका छायाचित्र स्पर्धेसाठी शहरभर फोटो काढत फिरते. त्यातला एक फोटो मोठा करून पाहताना पाठीमागच्या झाडीत कोणीतरी कोणावर तरी पिस्तूल रोखल्याचे दिसते. आणखी मोठा केल्यावर पिस्तूलवाला तरनेजा निघतो. दोघे त्या बागेत धावतात. तिथे कफाचे एक सोनेरी बटण सापडते. पुढे तरनेजाने बांधलेल्या उड्डाणपुलाच्या समारंभात, दिवंगत डिमेलोंच्या नावाने भाषणे चालू असताना, त्याच जोडीचे दुसरे बटण हाती लागते. रात्री जाऊन जागा खणली तर खाली शवपेटी, आणि पेटीत डिमेलो!

बागेला चित्रपटात ‘अंतोनियोनी पार्क’ असे नाव दिले आहे. इटालियन दिग्दर्शक मायकेलअँजेलो अंतोनियोनी यांच्या १९६६ च्या ‘ब्लो-अप’ला केलेला हा उघड नमस्कार आहे. लंडनमधला एक छायाचित्रकार बागेत फोटो काढतो, तो मोठा करतो, त्यात त्याला खून दिसल्यासारखा वाटतो, तो बागेत जातो, प्रेत पाहतो, आणि पुन्हा गेल्यावर प्रेत नाहीसे झालेले असते. इथपर्यंत दोन्ही चित्रपट एकाच वाटेने चालतात. पुढे त्यांची जी फारकत होते, तीत कुंदन शहांची खरी बुद्धी दिसते, आणि म्हणून ती जरा सविस्तर सांगायला हवी.

डिजिटल कॅमेरा येण्यापूर्वी फोटो मोठा करणे हे हातचे काम होते. डार्करूममध्ये लाल दिव्याच्या मंद उजेडात एनलार्जरला निगेटिव्ह लावायची, तिच्यातून खालच्या कागदावर मोजून काही सेकंद प्रकाश टाकायचा, मग कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवायचा. कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटे. ते हायपोच्या द्रावणात पक्के करायचे, धुवायचे, वाळत घालायचे. निगेटिव्हवरचे चित्र चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असते. फोटो जितका मोठा करावा तितके हे कणही मोठे होतात. एका मर्यादेपुढे नाकडोळे विरघळतात आणि कागदावर नुसते काळेपांढरे ठिपके उरतात. अंतोनियोनींनी आपला सगळा चित्रपट या मर्यादेवर उभा केला. जवळ जावे तसे सत्य विरत जाते, आणि शेवटी नायकालाच आपण काही पाहिले की नाही याची खात्री उरत नाही.

कुंदन शहांच्या मुंबईत असे काही होत नाही. फोटो जितका मोठा होतो तितका खुनी स्पष्ट दिसतो. बटणाची जोडी जुळते. प्रेत सापडते, तेही अखंड, ओळखू येणारे, सरकारी हुद्द्यासकट. विनोद आणि सुधीर यांच्याकडे जितका पुरावा आहे तितका जगातल्या कुठल्या गुप्तहेराकडे क्वचितच असेल, कारण चित्रपटाच्या उत्तरार्धात ते पुरावा अक्षरशः ओढत नेताना दिसतात. आणि त्या पुराव्याचा कोणालाच उपयोग नाही. माझ्या मते या चित्रपटाचे अद्वितीयपण यात आहे. इतर खूनकथांमध्ये सत्य लपलेले असते आणि ते सापडले की गोष्ट संपते. इथे सत्य सापडल्यावर गोष्ट सुरू होते, कारण मग प्रत्येकाला ते आपल्या ताब्यात हवे असते. आहुजाला प्रेत हवे, तरनेजावर दबाव आणण्यासाठी. तरनेजाला हवे, पुरण्यासाठी. संपादिकेला हवे, तरनेजाकडून पैसे उकळण्यासाठी. डिमेलोच्या जागी आलेल्या नव्या आयुक्ताला हवे, सगळ्यांशी एकदमच सौदा करण्यासाठी. न्यायासाठी ते हवे असणारे दोघेच, आणि त्यांच्याकडे ना पैसा, ना ओळख.

हे सगळे कुठून आले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण चाळीस वर्षे लोटली आहेत. १९८० च्या सुमारास सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते. परमिटाशिवाय गोणी मिळत नसे, आणि घर बांधू पाहणाऱ्या साध्या माणसाला महिनोन्महिने खेटे घालावे लागत. ऑगस्ट १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या न्यासांविषयी लिहिले. बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो आणि त्याच सुमारास न्यासांकडे देणग्या येतात, असा तो आरोप होता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी या व्यवहारावर ठपका ठेवला आणि अंतुले पायउतार झाले. त्याच महिन्यात दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तोवर हिंदी पडद्यावरचा खलनायक बहुतेक वेळा गोदीत माल उतरवणारा स्मगलर असे. कुंदन शहांनी त्याला उठवून बिल्डरला बसवले. मुंबईचा पैसा कोणत्या वस्तूवर उभा राहणार आहे, ते त्यांना गिरण्यांची चाके थांबत असतानाच दिसले होते.

मराठी चित्रपटात आणि लेखनात हा धागा आधीपासून होता. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ १९७९ चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि सगळे पाहून शेवटी वेड लागलेला पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले. दिगूला सत्य माहीत असते आणि ते सोसत नाही. ‘जाने भी दो यारो’मधल्या शोभा सेनला तेच सत्य माहीत असते आणि ती त्याची किंमत ठरवते. अवघ्या चार वर्षांतले हे अंतर आहे. १९८३ च्या त्याच ऑगस्ट महिन्यात गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ही आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, आणि लेखन पुन्हा तेंडुलकरांचे. त्यात ओम पुरी सडलेल्या व्यवस्थेत घुसमटणारा पोलीस अधिकारी होते, आणि ‘जाने भी दो यारो’मध्ये तेच ओम पुरी दारूच्या नशेत तर्र झालेला बिल्डर आहुजा. एकाच महिन्यात एकच नट एकाच शहराच्या एकाच दुखण्यावर रडवून आणि हसवून गेला. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, असे मी आवर्जून सांगेन.

आता पैशांकडे वळू. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे एनएफडीसी, हे सरकारी मंडळ नव्या दिग्दर्शकांना मोजका पैसा देत असे. कुंदन शहा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. ही संस्था म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरचा जुना प्रभात स्टुडिओ, जिथे ‘संत तुकाराम’ आणि ‘माणूस’ घडले. छायालेखक बिनोद प्रधान, संकलक रेणू सलुजा, निर्मितीची व्यवस्था पाहणारे विधू विनोद चोप्रा, पडद्यावरचे नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शहा हे सगळे याच आवारातून बाहेर पडलेले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पंकज कपूर, नीना गुप्ता, सतीश कौशिक आले. पटकथा कुंदन शहा आणि सुधीर मिश्रा यांची, संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे. नायकांची विनोद आणि सुधीर ही नावे सरळ चोप्रा आणि मिश्रा यांच्यावरून उचलली. मूळ कल्पनेला आधार होता तो हैदराबादेत फोटोग्राफीचा धंदा करू पाहणाऱ्या इन्स्टिट्यूटच्याच मित्रांच्या फजितीचा. शिकून बाहेर पडलेले, पोटापाण्याला न लागलेले हे तरुण स्वतःचीच गोष्ट करत होते, म्हणून विनोद-सुधीरची गरिबी कुठेही रंगवलेली वाटत नाही.

नसीरुद्दीन तेव्हाच नावाजलेले नट होते. त्यांचे मानधन पंधरा हजार रुपये, आणि तेच सर्वांत जास्त. पडद्यावर विनोदच्या गळ्यात दिसणारा कॅमेराही त्यांचा स्वतःचा, आणि चित्रीकरणाच्या गडबडीत तो चोरीला गेला! कित्येक प्रसंगांना काही तर्क नाही म्हणून ते दिग्दर्शकाशी वाद घालत, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. एका प्रसंगात ते आणि सतीश कौशिक एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर उभे राहून एकमेकांशी फोनवर बोलतात. तर्काला धरून विचार केला तर हे घडूच शकत नाही. पण ज्या शहरात शेजारच्या टेबलावरच्या बाबूशी बोलायला अर्ज करावा लागतो, त्या शहरातल्या प्रेक्षकाला हे अशक्य वाटले नाही.

पुढे ही माणसे कुठे पोहोचली ते पाहिले की थक्क व्हायला होते. निर्मितीत पडेल ते काम करणारा एक मुलगा होता पवन मल्होत्रा, जो नंतर ‘नुक्कड’मधून घराघरांत गेला. खुनी तरनेजा झालेले पंकज कपूर दोनच वर्षांनी दूरदर्शनवर गाजर खाणारा गुप्तहेर ‘करमचंद’ झाले. अनुपम खेर यांनी ‘डिस्को किलर’ नावाच्या भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली होती, पण चित्रपट लांबला म्हणून ती सगळी संकलनात गेली. मला हा निर्णय योग्य वाटतो. रेणू सलुजांच्या कात्रीला मायाममता नव्हती, म्हणूनच शेवटच्या तासाला तो वेग आला आहे. संगीत वनराज भाटियांचे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम घेतलेल्या या संगीतकाराने गोंधळाच्या प्रसंगांना ठाम चाल दिली.

मराठी वाचकाने थोडे जास्त थांबावे ते भक्ती बर्व्यांपाशी. १९७५ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’तल्या मंजुळेने त्यांना मराठी रंगभूमीच्या शिखरावर बसवले होते. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातला त्यांचा आवाज आणि स्वच्छ उच्चारही लोकांच्या ओळखीचे होते. अशी बाई शोभा सेनच्या भूमिकेत आली तर प्रेक्षक तिच्यावर चटकन विश्वास ठेवणारच. तिचा आवाज आश्वासक, बोलणे न्यायाचे, वागणे पोरांना मायेने सांभाळून घेणारे. ती तरनेजाशी सौदा करते आहे हे उघड होते तेव्हा विनोद-सुधीरइतकाच धक्का आपल्यालाही बसतो. चेहऱ्यावरची एकही रेषा न बदलता बर्वे एकाच माणसाचे दोन अर्थ दाखवतात. हिंदीने त्यांना यापेक्षा मोठे काही दिले नाही, आणि २००१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. त्यांच्या अभिनयाविषयी बोलताना लोक फुलराणीपाशी थांबतात. शोभा सेन तिच्याच शेजारी ठेवावी अशी भूमिका आहे.

आणि मुडदा! डिमेलो झालेल्या सतीश शहांनी जिवंतपणी अमेरिकेच्या गटारांचे गोडवे गाणारा, केकचे तुकडे फेकत खाणारा आयुक्त उभा केला आहे, पण त्यांची खरी कामगिरी मेल्यानंतरची. प्रेताचे काम सोपे समजले जाते. ते तसे नाही. चेहरा निर्जीव ठेवायचा, श्वास दिसू द्यायचा नाही, अंग ढिले सोडायचे, आणि इतरांनी उचलले, टेकवले, ढकलले तरी तोल आपणच सांभाळायचा. चाकांच्या बुटांवर उभा केलेला मुडदा रस्त्यावरून घरंगळतो त्या प्रसंगात पडण्याची भीती खऱ्या माणसाला असते, पात्राला ती दाखवता येत नाही. त्याआधी दारू प्यालेल्या आहुजाला रस्त्यात ती शवपेटी भेटते. त्याला ती बंद पडलेली गाडी वाटते. आतल्या गृहस्थाची तो विचारपूस करतो आणि पेटी आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो. महागडे कथानक रचायला पैसे नव्हते म्हणून एक नट, एक पेटी आणि रिकामा रस्ता एवढ्यात प्रसंग उभा करावा लागला. चार्ली चॅप्लिनच्या मूकपटांपासून चालत आलेली ही रीत आहे: वस्तू कमी, आणि त्या वस्तूचे सगळे उपयोग करून पाहायचे.

पाठलाग सगळ्यांना एका नाट्यगृहात घेऊन येतो. रंगमंचावर द्रौपदी वस्त्रहरण चालू आहे. डिमेलोला लपवायला दुसरी जागा नाही, म्हणून द्रौपदीच्या जागी तोच उभा राहतो. आता वस्त्रहरण झाले तर प्रेत उघडे पडणार. त्यामुळे दुर्योधनाच्या वेषातला विनोदच वस्त्रहरण रद्द झाल्याचे जाहीर करतो, आहुजा भीम बनून घुसतो, आणि आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारत राहतो की हे चालले आहे तरी काय. दुःशासनाच्या वेषात आहेत ते स्वतः विधू विनोद चोप्रा. निर्मितीचा हिशेब सांभाळणाऱ्यालाच मुकुट चढवून उभे केले. महाभारत घसरत घसरत अकबराच्या दरबारात आणि सलीम-अनारकलीत जाते तरी प्रेक्षागृहातली माणसे टाळ्या वाजवत राहतात.

मराठी माणसाला या प्रसंगाची गंमत दुप्पट येते. तीनच वर्षांपूर्वी, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकरांचे मालवणी ‘वस्त्रहरण’ मुंबईच्या रंगभूमीवर आले होते. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने महाराष्ट्राला वेड लावले, आणि त्याचेही मूळ हेच: गावकऱ्यांनी बसवलेले द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक आणि त्याचा उडालेला बोजवारा. कोकणातल्या दशावतारात तर लिखित संहिता नसतेच. नट पुराणातले पात्र उभे करतात आणि संवाद जागच्या जागी रचतात, त्यात गावचा सरपंच, तलाठी, यंदाचा पाऊस असे काहीही येते. पुराणाच्या सभेतून चालू राज्यकर्त्यांना बोल लावायची ही वाट आपल्याकडे जुनी, रुळलेली आहे. कुंदन शहांनी तिच्यावर एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या द्यूतसभेत पणाला लागलेली द्रौपदी म्हणजे शहराचा मेलेला आयुक्त आहे. एकेका वाटेकऱ्याला तिच्यावर हक्क सांगायचा आहे, आणि आंधळ्या राजाखेरीज काय चालले आहे असे कोणीही विचारत नाही.

शेवट मात्र हसण्याचा नाही. निकृष्ट माल वापरून बांधलेला पूल कोसळतो. मंडळी एकत्र बसून वाटे ठरवतात. पूल पाडल्याचा आळ विनोद आणि सुधीर यांच्यावर येतो. कैद्यांचे कपडे घालून ते मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात, थेट आपल्याकडे पाहतात आणि गळ्यावरून बोट फिरवतात. पाठीमागे ‘हम होंगे कामयाब’ वाजत असते, जे गाणे तेव्हा प्रत्येक शाळेत म्हणून घेतले जाई. सरकारी पैशातून झालेल्या चित्रपटाने सरकारी यंत्रणेविषयी इतके स्पष्ट बोलावे, आणि सरकारनेच त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार द्यावा, हे त्या काळाचे मोठेपण मानायला हवे.

मी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहतो. चित्रपट आला त्याच १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली आणि अंबरनाथ-बदलापूरही काही वर्षे तिच्यातच होते. मुंबईपासून ६८ किलोमीटरवरचे हे गाव तेव्हा भातशेतीचे होते. मुंबईत जागा परवडेनाशी झालेली माणसे टप्प्याटप्प्याने डोंबिवली, अंबरनाथ आणि मग इथे आली, आणि शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. म्हणून तरनेजा-आहुजांची गोष्ट आम्हा लोकांना दूरच्या मुंबईची वाटत नाही. शेजारच्या उल्हासनगरात बेकायदा बांधकामे इतकी वाढली की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला खास त्या शहरासाठी कायदा करावा लागला. तिथेच मे २०२१ मध्ये इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. कर्जत, बदलापूर लोकल गाठण्यासाठी रोज हजारो पाय त्याच पुलावरून जात. त्याची तपासणी आधीच झालेली होती आणि अहवालात तो वापरण्याजोगा ठरला होता. कागदावर सगळे नीट आणि खाली माणसे चिरडलेली, हे दृश्य पाहिलेल्याला या चित्रपटातला शेवटचा पूल अतिशयोक्त वाटणे शक्य नाही.

प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटाने गल्ला भरला नाही. तो घराघरांत पोहोचला तो दूरदर्शनमुळे आणि नंतर व्हिडिओ कॅसेटींमुळे. रवी बासवानी, म्हणजे सुधीर, यांना विनोदी भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. कुंदन शहा दूरचित्रवाणीकडे वळले: ‘ये जो है जिंदगी’, ‘नुक्कड’, आणि आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरून घेतलेली, १९८८ ची ‘वागले की दुनिया’. मध्यमवर्गीय मराठी कारकुनाचे ते सरळ, कनवाळू चित्र पाहताना विनोद-सुधीर संसाराला लागले असते तर असेच झाले असते, असे वाटून जाते. १९९४ चा ‘कभी हाँ कभी ना’ त्यांचाच. २०१५ मध्ये देशातल्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ ज्या कलावंतांनी राष्ट्रीय पुरस्कार परत केले त्यांत ते होते, आणि त्यांनी परत केला तो याच चित्रपटाचा पुरस्कार. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. रवी बासवानी २०१० मध्ये, ओम पुरी २०१७ च्या जानेवारीत, सतीश कौशिक २०२३ मध्ये आणि डिमेलोला अमर करणारे सतीश शहा ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले.

२ नोव्हेंबर २०१२ रोजी एनएफडीसीने या चित्रपटाची दुरुस्त केलेली डिजिटल प्रत पुन्हा चित्रपटगृहांत लावली, तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागलेली मुले आज कॉलेजात निघाली आहेत. मोबाइलच्या पडद्यावर त्यांनी वस्त्रहरणाचा तुकडा कदाचित पाहिलेला असतो, पण डार्करूममधला फोटो, पुलाखालचे खणणे आणि शेवटचे ते दोन कैदी पाहिलेले नसतात, आणि त्यांच्याशिवाय वस्त्रहरण म्हणजे नुसता धिंगाणा. गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा बांधून चित्रपट दाखवायची आपल्याकडची पद्धत अजून पुरती मोडलेली नाही. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर इथल्या मंडळांनी आणि सोसायट्यांनी यंदा रीतसर परवानगी काढून एक संध्याकाळ ‘जाने भी दो यारो’साठी ठेवावी, आणि तो पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत, एकही तुकडा न गाळता दाखवावा.